अण्णांनी आखलेली कुफ्रीची सहल

आई गेली त्या वर्षीच्या थंडीत मी अण्णांना आमच्याकडे चंदीगडला आणलं. परभणीहून दोन दिवसांचा प्रवास करून ते आले, चहा घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "इथून बर्फ किती लांब आहे गं?"

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायचे. हिमरेषा, हिमनदी, हिमवर्षाव हे सगळं त्यांनी तीस वर्षं तापलेल्या पत्र्याखाली फळ्यावर खडूने काढून दाखवलं. मीही त्या वर्गात बसले आहे. त्यांनी स्वतः पाहिलेला बर्फ म्हणजे लग्नाच्या मांडवात लाकडाच्या भुशात गुंडाळून आणलेली लादी. आई गेल्यापासून ते कशाचीच चौकशी करत नव्हते. त्यामुळे मला त्या प्रश्नाने इतकं बरं वाटलं की नवऱ्याला न विचारताच मी सांगून टाकलं, "जाऊ की आपण. सिमल्याच्या पुढे कुफ्री आहे. जानेवारीत तिथे बर्फ असतो."

नवरा सेक्टर एकोणचाळीसमधल्या संशोधन संस्थेत नुकता लागला होता. मुलगी तीन वर्षांची. एका घराचा वरचा मजला भाड्याने घेऊन आम्ही राहत होतो. टॅक्सी आणि हॉटेल आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. सहल जमली ती खाली राहणाऱ्या घरमालकांमुळे.

ते पोस्टातून निवृत्त झालेले सरदारजी. फाळणीत लायलपूरकडून आलेले. रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून ते उर्दू पेपर वाचायचे. अण्णांची शाळा निजामाच्या काळातली, तेव्हा त्यांचंही शिक्षण उर्दूतच झालेलं. दुसऱ्या दिवशी अण्णा त्यांच्या मागे उभं राहून पेपरातली एक ओळ मोठ्याने वाचू लागले. सरदारजींनी वळून पाहिलं. "मास्टरजी, आपको आती है?"

"बचपन में सीखे थे. भूल गया समझ रहा था."

त्या दिवसापासून दोघं गच्चीवरच्या उन्हात भुईमुगाच्या शेंगा सोलत सहल आखायला बसू लागले. यादी उर्दूत होई. मला ती वाचता येत नसे, म्हणून अण्णा जेवताना समजावून सांगत. जायचं साध्या बसने. सिमल्यात गुरुद्वाऱ्यात मुक्काम, तिथे जेवायला लंगर आहेच. वाटेसाठी पराठे आणि लोणचं घरून. गमबूट कुफ्रीला भाड्याने मिळतात. स्वेटरवर स्वेटर घालायचे, पण आतला सुतीच हवा, असं सरदारजींचं म्हणणं. त्यांनी आपला पोस्टातला जुना ओव्हरकोट अण्णांना दिला. तो त्यांना पार पोटऱ्यांपर्यंत आला. आरशासमोर उभं राहून अण्णा स्वतःशीच हसले. आई गेल्यानंतर ते हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

जानेवारी लागला आणि रेडिओवर सांगितलं की सिमल्याला बर्फ पडला. अण्णा, मी, मुलगी आणि सरदारजी असे शुक्रवारी निघायचं ठरलं. नवऱ्याला रजा नव्हती.

ते दिवस वाईट होते, पंजाबातल्या दहशतीचे. चौकाचौकात वाळूची पोती रचून पोलीस बसलेले असत. बेवारस ट्रान्झिस्टर दिसला तर हात लावू नका, आत बॉम्ब असेल, अशा सूचना येत. सूर्य कलला की बाजार ओस पडायचा. पेपरात रोज किती जण मारले गेले ते आकडे असत. आम्ही ते वाचत असू आणि भाजी आणायलाही जात असू. पण त्या बुधवारी बातमी आली की शहरापासून तासाभरावर शीख अतिरेक्यांनी बस अडवली, हिंदू प्रवाशांना खाली उतरवलं आणि गोळ्या घातल्या. त्यात एक लहान मूल होतं.

गच्चीवर जाऊन मी सांगितलं, "अण्णा, आपण जायचं नाही."

अण्णांनी हातातली शेंग खाली ठेवली. सरदारजी हळूच म्हणाले, "बेटी, वो रास्ता दूसरी तरफ़ का है. हम तो कालका से ऊपर जाएँगे. और मैं साथ हूँ ना. मेरे होते मास्टरजी को कौन हाथ लगाएगा?"

मी म्हणाले, "आपको कौन हाथ लगाएगा? डर तो हमको है."

वाक्य तोंडातून गेलं आणि मला कळलं की ते कुठे जाऊन लागलं. सरदारजींनी मांडीवरची टरफलं गोळा केली, खिशात घातली, अण्णांना हात जोडले आणि जिना उतरून गेले. त्यानंतर ते कधी गच्चीवर आले नाहीत.

शुक्रवारी बस गेली, शनिवारी परत आली. समोरच्या घरातले लोक त्याच आठवड्यात कुफ्रीला जाऊन आले आणि त्यांनी फोटोही दाखवले. अण्णांनी ते नीट पाहिले. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. रोज सकाळी मात्र ते खाली जाऊन सरदारजींच्या शेजारी बसत. फेब्रुवारीत मी त्यांना गाडीत बसवून दिलं, तेव्हा खिडकीतून म्हणाले, "बाई, त्यांची माफी मागून टाक. पुढच्या थंडीत मी येतोच."

मी माफी मागितली नाही. कशी मागायची ते सुचत नव्हतं, आणि आपण चुकलो हे मनाला पटवून घ्यायलाही वेळ लागत होता. जिन्यात गाठ पडली की मी मान खाली घालून वर निघून जाई.

सप्टेंबरात अण्णा झोपेतच गेले. तेराव्याला त्यांचे जुने विद्यार्थी आले होते. त्यातला एक, आता स्वतः मास्तर झालेला, मला म्हणाला, "ताई, सरांना बर्फ बघायचा राहूनच गेला. यंदा तिकडे पडलाच नाही म्हणत होते."

गावात सगळ्यांना त्यांनी हेच सांगितलं होतं. तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाने माझ्यासाठी एवढं खोटं बोलून ठेवलं होतं. मी उठून मागच्या दारी गेले आणि तिथे रडले.

चंदीगडला परतल्यावर सामान वर न नेता आधी खाली गेले. सरदारजी घरी नव्हते. त्यांच्या बायकोला मी अण्णांचं सांगितलं. तिने मला जवळ घेतलं आणि बराच वेळ पाठीवरून हात फिरवत राहिली. मग त्या दिवशीचं माझं बोलणं मी तिला सांगितलं. ते तिला माहीत होतं. ती म्हणाली, सरदारजींच्या धाकट्या भावाला दोन वर्षांपूर्वी गावात अतिरेक्यांनीच मारलं होतं. पैसे द्यायला नाही म्हणाला म्हणून, घरच्या दारात. आम्ही वर्षभर त्यांच्या डोक्यावर राहत होतो आणि हे मला माहीत नव्हतं. अण्णांना माहीत होतं.

सरदारजी आले. मी वाकले तर त्यांनी मला मध्येच धरलं. "तेरे बापू हर चिट्ठी में एक ही बात लिखते थे. बच्ची डर गई थी, दिल पे मत लेना." एवढं बोलून ते आत गेले आणि बाहेर आले नाहीत.

पुढच्या जानेवारीत आम्ही कुफ्रीला गेलो. मी, नवरा, मुलगी आणि सरदारजी. अण्णांनी ठरवलं होतं तसंच, साध्या बसने. बर्फ लोकांच्या पायांनी तुडवलेला आणि काळपट होता, घोड्यांची लीद पडली होती, आणि मुलगी थंडीने रडायला लागली. काहीतरी वाटावं म्हणून मी उभी राहिले, पण नुसते पाय गारठले. सरदारजी एकटे वर चढून गेले आणि पाठमोरे बसून राहिले. त्यांना हाक मारायचा धीर मला झाला नाही.

येताना सूर्य मावळायच्या आत शहराच्या वेशीशी पोहोचलो. तिथे तपासणी होती. पोलीस बसमध्ये चढला आणि पगडीवाल्यांना तेवढं खाली उतरायला सांगितलं. बसमध्ये चार होते. सरदारजी उठले, जणू त्यांना याची सवयच होती. काचेतून मला दिसत होतं की ते हात वर करून उभे आहेत आणि एक पोरगेला शिपाई त्यांच्या कोटाचे खिसे उलटे करतोय. बसमधलं कोणी तिकडे बघत नव्हतं.

मी मुलीला नवऱ्याकडे दिलं आणि खाली उतरले. शिपाई म्हणाला, "आप बैठिए, लेडीज का कुछ नहीं है."

"ये मेरे पिताजी के दोस्त हैं," मी म्हणाले.

"बैठिए ना जी."

मी बसले नाही. तपासणी संपेपर्यंत मी तिथेच उभी होते. सरदारजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मोकळे झाल्यावर त्यांनी खिसे आत ढकलले, बटणं लावली आणि मला आधी चढू दिलं.