राईस बखीतने बोट फिरवली

राईस, म्हणजे कप्तान, म्हणवणाऱ्या बखीतच्या नावावर साधी होडी नाही, पण जिबूतीपासून इजिप्तच्या हुरघाद्यापर्यंत श्रीमंतांच्या शिडाच्या बोटी पोचवायच्या त्यानेच! मालक विमानाने येणार, पांढऱ्या टोप्या घालून मिरवणार, आणि वर "उशीर का झाला?" म्हणून विचारणार. अरे, एकदा येऊन तर बघा! तांबड्या समुद्रातून उत्तरेला निघालं की वारा सतत थोबाडात. कधी डावीकडे तिरकं जा, कधी उजवीकडे, दिवसभर मरमर करा आणि संध्याकाळी बघावं तर सकाळचाच डोंगर समोर. असं रक्त आटवून काढलेलं अंतर कुठलाही राईस सोडत नाही.

यंदा तौफीक बेची बोट होती; बे म्हणजे तिकडचा बडा शेठ. हुरघाद्याला त्याने पाहुण्यांना तिच्यावर मेजवानी ठेवलेली. बखीतच्या सोबतीला एकच खलाशी, त्याचा साडू शाझली.

पोर्ट सुदान मागे पडलं आणि शाझली ओकायला लागला. उलट्या वाऱ्यात कोण ओकत नाही? बखीतने भाकरी आणि फूलचा, म्हणजे शिजवलेल्या वालांचा, वाडगा त्याच्या नाकासमोर धरला. "खा की साडूभाऊ! का सोडू परत बायकोच्या पदराला?"

दुसऱ्या दिवशीही तेच. त्याला कुशीवर वळवताना बखीतचा हात पोटाला लागला. पोट फळीसारखं कडक, अंग इतकं तापलेलं की हात लाववेना.

"या अल्ला! आणि मी चेष्टा करत बसलो!"

त्याने सॅटेलाइट फोनवरून मालकाला गाठलं. "शाझलीचं पोट गेलंय कामातून. पोर्ट सुदानला परत नेतोय."

"परत?" तौफीक बे कडाडला. "गोळी दे आणि पुढे चल. पाहुण्यांना काय सांगू मी?"

"सांगा, बोट माणसं चालवतात म्हणून!"

"या किनाऱ्यावर पुन्हा काम मिळवून दाखव!"

मेल्याने एका शब्दाने तरी विचारावं, माणूस जिवंत आहे का! बखीतने फोन आदळला आणि सुकाणू फिरवलं. वारा पाठीशी आला. दोन दिवस मरमर करून काढलेलं अंतर भराभरा हातचं गेलं.

पोर्ट सुदानच्या इस्पितळात डॉक्टरांनी पोट फाडलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती प्रेत आलं असतं, म्हणाले. तोवर बेचा दुसरा राईस बोट घेऊन गेलासुद्धा, आणि बखीतला कुणी उभं करू नये असा निरोप बंदराबंदरात फिरला.

शाझलीने डोळे उघडले. "हुरघादा आलं?"

"पोर्ट सुदान."

"मागे फिरलास?" तो टाक्यांसकट उठायला बघू लागला. "गाढवा! राईस म्हणवतोस आणि मागे फिरतोस? थू तुझ्या शिडावर!"

हसता हसता बखीतच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "दे, शिव्या दे," तो म्हणाला. "अजून दे."