सात शिरांची भेंडी

चिमाकाकी घाटावरची भाजी गावठी म्हणून खपवते, हे सावर्ड्याच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. पुरावाही आहे. ती भाजी आणते त्या निळ्या क्रेटवर कऱ्हाडच्या व्यापाऱ्याचं नाव आहे.

क्रेट कऱ्हाडचा, हे कबूल. टोपलीचं बूड गेलं तेव्हा बाजारात शेजारी भाजी विकणाऱ्या गंगारामने आपल्या टेम्पोतला रिकामा क्रेट तिला दिला. भेंडी मात्र काकीच्या घरामागच्या परड्यातली. फिकट, लांबलचक, सात शिरांची. वाडीत हे बियाणं आता तिच्या एकटीच्याच चुलीवर टांगलेलं असतं.

"क्रेट बदल की गो," गंगाराम म्हणतो.

"दुसरा हाय?"

"हाय. त्याच्यावर पन नाव हाय."

मुंबईहून आलेली एक बाई नाकातून विचारते, "मावशीऽ, ऑर्गॅनिक आहे ना ही?"

"नाय, भेंडी हाय," काकी.

बाई फोटो काढते आणि गंगारामची हिरवीगार भेंडी घेते. असा अख्खा श्रावण गेला. काकीला बोलायचाही कंटाळा आला. बियाण्यासाठी चार शेंगा तिने झाडावर ठेवल्या होत्या, त्याही नकोशा झाल्या.

"आज वाडीतल्या एकानं जरी घेतली तर पुढल्या साली लावीन," ती म्हणाली. "नायतर शेंगा चुलीत."

मी तिथंच उभा होतो, मला राहवलं नाही. "काकी, पैज! वाडीतलं पयलं माणूस येईल ते तुझ्याकडनंच घेणार."

"आनि हरलास तर?"

"तर बियाणं मी लावीन."

"लागली," काकी म्हणाली, रस्त्याकडे न बघताच.

साडेअकराच्या एसटीतून आमची आई उतरली.

"काय गो काकी, बरी हायस ना? भेंडी काय झ्याक आलीय!" तिने एक उचलली, टोक मोडून पाहिलं, हळूच परत ठेवली आणि वळली. "गंगाराम, अर्धा किलो दे रे. ह्यांना ती हिरवीच लागते."

मी खोकलो. डोळे वटारले.

"घसा धरलाय काय रे तुझा?" आई म्हणाली.

काकी हसलीही नाही. दुपारपर्यंत भेंडी मलूल झाली, ती तिने गाईला नेली.

गणपती गेल्यावर चार वाळक्या शेंगा तिने माझ्या हातावर ठेवल्या. आमच्या परड्यात मे महिन्यातच पेव्हर ब्लॉक बसवलेत. पैज लावताना ते मला आठवलंच नव्हतं.