गोळ्यांवाली सिस्टर

"डोया दाखव."

एवढं म्हणून ती समोरच्याच्या डोळ्याखाली अंगठा टेकवायची आणि पापणी खाली ओढायची. नाव, गाव, कुणाची कोण, हे सगळं नंतर. आत लाल दिसलं तर सोडून द्यायची. फिकं दिसलं की तिचं तोंड सुटायचं. "पांढरं फटक! रगत कुठी सांडून आली व?"

मेडशीच्या पुढे, फाट्यावरून आत गेलं की लागणाऱ्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर हजर झालो, त्याच दिवशी माझ्याही डोळ्याला तो अंगठा लागला. मी मागे सरकलो. "लाजता काय सर? मास्तरले काय रगत लागत नाही का?" म्हणाली. पोरी फिदीफिदी हसल्या. तिच्या बोलण्यात डोळ्याचा डोया व्हायचा आणि गोळीची गोयी. हळूहळू माझ्याही बोलण्यात तसंच व्हायला लागलं.

उपकेंद्राची नर्स होती ती. सगळं गाव तिला गोळ्यांवाली सिस्टर म्हणायचं. हाडापेरानं दणकट, आवाज मळणीयंत्रासारखा. जुन्या स्कूटीच्या डिकीत लोहाच्या गोळ्यांची पाकिटं असायची. गरोदर बायांना लाल, शाळेतल्या मोठ्या पोरींना निळ्या. शिवाय लहान लेकरांना पाजायची 'अ' जीवनसत्त्वाची बाटली आणि चमचा. लेकरू तोंड मिटून बसलं की ती त्याचं नाक दाबायची. आईनं आरडाओरडा केला तर म्हणायची, "रडू दे. आंधयं झाल्यावर रडण्यापेक्षा आता रडलेलं बरं."

अशा माणसाला तुम्ही प्रेमळ म्हणणार नाही. मीही म्हणायचो नाही.

लाल गोळी ती कुणाच्या हातात देऊन निघून जात नसे. पाणी द्यायची, गिळायला लावायची, मग तोंड उघडायला सांगून जिभेखाली बघायची. एकदा मी म्हणालो, "सिस्टर, पोलीस बरे तुमच्यापेक्षा." ती हसली नाही. म्हणाली, "पहिल्या नोकरीत एका बाईले गोया देऊन देऊन आली मी. खाते का नाही, ते पाह्यलं नाही. बायंतपणात जीपमधी तिचं डोस्कं माह्या मांडीवर होतं. दवाखाना येईपर्यंत सगळं रगत माह्या लुगड्यात. उरल्या गोया मंग तिच्या सासूनं मले आणून देल्या. डबा भरून."

त्यानंतर मी तशी थट्टा केली नाही.

गावात संतोष नावाचा ट्रॅक्टर चालवणारा एक तरणा माणूस होता. त्याची बायको वैशाली दोन महिन्यांची गरोदर होती आणि सिस्टरच्या भाषेत 'कागद', म्हणजे पांढरी फटक, होती. गोळी खाल्ली की शौचाला काळं होतं. ते पाहून संतोषच्या आईनं काढलं की पोटातलं लेकरूही काळं होणार. संतोषनं गोळ्यांचं पाकीट नालीत फेकलं आणि बायकोला कमरेच्या पट्ट्यानं मारलं. तिचं ओरडणं शाळेपर्यंत आलं. मी फळ्यावर लिहीत होतो. मी लिहीतच राहिलो.

सिस्टर मात्र गेली. मागून मीही गेलो, वर्ग सोडून, बघ्यांच्या गर्दीत. वैशाली चुलीपाशी पडली होती. पाठीवर वळ उठले होते. एक वळ फुटून पोलक्यावर रक्त आलं होतं. संतोषच्या हातात पट्टा तसाच होता.

"काहून मारलं रे?"

"माह्या घरातली गोष्ट हाय, सिस्टर. लेकरू कायं करून राह्यल्या तुमी माह्यं."

तिनं त्याची कॉलर धरली आणि दोन मुस्काटात दिल्या. त्यानं पट्टा उगारला. तो तिच्या मनगटावर बसला, तरी तिनं कॉलर सोडली नाही. "अठी माणूस मरून राह्यलं अन तुले रंग सुचून राह्यला?" असं म्हणून तिनं त्याला भिंतीवर असं ढकललं की वरची फळी पडली आणि पितळी डबे अंगणापर्यंत घरंगळत गेले. चारचौघांनी दोघांना सोडवलं. संतोष ओठ पुसत म्हणाला, "ध्यानात ठेवीन."

त्याला मारण्यात तिचं चुकलं का? मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. नर्सनं हात उचलू नये, हे खरं आहे. पण त्या दिवशी अंगणात आम्ही चाळीसेक माणसं तरी उभी होतो आणि वैशालीला पाणी दिलं ते सिस्टरनंच.

पुढे काय झालं, ते तेव्हा गावात तिघांनाच ठाऊक होतं; मला नंतर कळलं. वैशालीच्या गोळ्या सिस्टरनं रहीमचाचांच्या पीठगिरणीत ठेवायला दिल्या. वैशाली रोज काही ना काही दळायला न्यायची. कधी अर्धा किलो ज्वारी, कधी नुसती डाळ. चाचा पट्टा चालू करायचे आणि गिरणीच्या घरघरीत म्हणायचे, "बेटी, पहले निंबू चाट, फिर गोली." जवळजवळ पाच महिने हे चाललं.

आता माझी गोष्ट येते. ती टाळून हे व्यक्तिचित्र लिहिता येईल का, हे मी करून पाहिलं. येत नाही.

शाळेत निळ्या गोळ्या सोमवारी द्यायच्या. सिस्टर स्वतः यायची, आणि तीही खिचडी झाल्यावर. "पोटात अन्न नसंन तर गोयी नाही," हे तिनं मला इतक्या वेळा सांगितलं होतं की पोरी तिची नक्कल करायच्या. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी तिला तालुक्याला बैठकीला बोलावलं होतं. गोळ्या आदल्या दिवशीच माझ्याकडे देऊन गेली. "सर, उद्या पोरी उपाशी राहतीन. उद्या देऊ नका, मंगयवारी द्या."

मी हो म्हणालो. सोमवारी सकाळी वरून फोन आला, आजच्या वाटपाचा अहवाल बारापर्यंत पाठवा. मी रांग लावली आणि वाटून टाकल्या. अकरा मुली होत्या. कुणाला काही विचारलं नाही.

तासाभरात पोरी ओकायला लागल्या. एकीला ओकताना पाहून दुसरी. सातवीतली एक चक्कर येऊन पायरीवर पडली आणि तिची हनुवटी फुटली. तिच्या फ्रॉकवर सांडलेल्या रक्ताचा फोटो कुणी तरी काढला आणि तो आम्ही काही सांगायच्या आधीच गावभर पोचला. खाली लिहिलं होतं, पोरींना मूल होऊ नये म्हणून गोळ्या देतात, बघा.

मी सिस्टरला फोन केला. ती बैठक टाकून आली. एकेकीला आडवं केलं, साखरमिठाचं पाणी पाजलं, हनुवटीला पट्टी बांधली. मला एवढंच म्हणाली, "उपाशी होत्या?" मी मान खाली घातली. ती पुढे बोलणार होती, तेवढ्यात फाटकावर आवाज झाला.

पन्नास-साठ माणसं असतील. पुढे संतोष. "कोणं देल्या गोया?" तो ओरडला.

ती ओसरीच्या पायरीवर उभी राहिली. मी तिच्या मागे दाराशी. तिनं एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मग समोर बघून म्हणाली, "गोया माह्या हायत. माह्याशी बोला."

मी कार्यालयात गेलो आणि आतून कडी लावली.

जाळीच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. पहिला दगड तिच्या खांद्याला लागला. तिनं तो उचलून परत फेकला. मग तिला केसांना धरून खाली ओढलं. कुणी तरी तिची स्कूटी आडवी पाडून स्कूटीवर बाकडं आपटत होतं. काच फुटत होती. पोरी वर्गात किंचाळत होत्या. दोन माणसांनी तिचे हात धरले आणि संतोषनं तुटलेल्या बाकाचा पाय घेऊन तिच्या डाव्या कानशिलात हाणला. तो आवाज वाळलेलं लाकूड फोडल्यासारखा होता. ती गुडघ्यावर बसली. कानातून रक्त आलं, मानेवरून पांढऱ्या साडीत उतरलं. त्यानं पुन्हा हात उचलला.

तेवढ्यात वैशाली गर्दीत घुसली. गिरणीतून तशीच आली होती. कोपरापर्यंत पीठ, सातव्या महिन्याचं पोट. ती सिस्टरवर ओणवी झाली आणि पदराची गाठ सोडून गोळ्यांची रिकामी पाकिटं नवऱ्याच्या तोंडावर फेकली.

"हे पाह्य! रोज खाऊन राह्यली मी. तुह्या पाठीमांगं. मेली का मी? लेकरू मेलं का? मार आता, मले मार!"

त्यानं मारलं. एक थप्पड, पूर्ण ताकदीनं. ती सिस्टरच्या अंगावर पडली. तेव्हा साठी उलटलेल्या रहीमचाचांनी मागून संतोषच्या कमरेला मिठी मारली आणि दोघं चिखलात कोसळले. "अरे नामर्द, पेट से है वो!" चाचा ओरडत होते. त्यांच्या नाकातून रक्त वाहत होतं, पण मिठी सुटली नाही. गर्दी तिथंच थांबली. एकेक माणूस मागे सरकू लागला. मी कडी काढली ती पोलिसांची गाडी आल्यावर.

दोन दिवसांनी वाशिमला दवाखान्यात तिला भेटलो. डोक्याला जाड पट्टी होती. हवालदार जबाब लिहून घेत होता. पोरी उपाशी असताना गोळ्या कुणी दिल्या, असं त्यानं विचारलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो.

"लिवा," ती म्हणाली. "गोया माह्या पेटीतल्या. जिम्मेदारी माही."

तो गेल्यावर मी तोंड उघडलं. तिनं हातानं गप्प केलं. "पोरी खाऊन राह्यल्या का गोया?"

"नाही. सगळं बंद आहे."

"मंग अठी कायले आले, सर?"

गावात परतलो. आठ दिवस झोप नव्हती. नवव्या दिवशी शाळेच्या पटांगणात पालकांना बोलावलं आणि सांगितलं. गोळ्या मी दिल्या. तिनं नको म्हटलं होतं. उपाशी पोरींना मी दिल्या. संतोष जामिनावर सुटून आला होता. तो उठला, माझ्याजवळ आला आणि तोंडावर बुक्की मारली. दोन दात गेले. मी हात वर केला नाही. त्यानं पुन्हा मारलं, मग तिसऱ्यांदा मारता मारता तोच रडायला लागला. "तुह्यापायी म्या सिस्टरले फोडलं रे," म्हणत राहिला.

खात्याची चौकशी लागली, ती अजून चालू आहे. पुढच्या सोमवारी खिचडीनंतर मी रांग लावली. एकही मुलगी पुढे आली नाही. मग हनुवटीला टाके पडलेली ती सातवीतली आली आणि म्हणाली, "जेवली मी. पोटभर." तिच्यामागून बाकीच्या आल्या.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत वैशाली बाळंत झाली. मुलगी. रक्त फार गेलं. गाडीची सीट भिजून खाली टपकत होतं. संतोष तिचे पाय वर धरून बसला होता. वाशिमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात आधीचं रक्त होतं म्हणून पोचली, नाहीतर वाटेतच गेली असती. संतोष दवाखान्याच्या फरशीवर बसून किती तरी वेळ आपल्या हातांकडे बघत होता.

सिस्टर परत आली नाही. डावा कान कायमचा गेला. मधूनच तोल जायचा. तिनं नोकरी सोडली आणि अनसिंगजवळ भावाच्या भाजीच्या मळ्यात राहायला गेली. नवी सिस्टर आली आहे. गोड बोलते, पोरींना नावानं हाक मारते. चांगली आहे.

पटांगणात मी सांगितलेलं तिच्या कानावर गेलं की नाही, मला माहीत नाही. मागच्या हिवाळ्यात एकदा गेलो. एसटीनं उतरून मळ्यापर्यंत चालत. ती मेथीच्या वाफ्यात बसून तण काढत होती. डावी बाजू माझ्याकडे. बांधावर उभा राहून मी हाक मारली. तिला ऐकू आलं नाही. फिरून समोर जायचं, तर वीस पावलं होती.

मी तिथूनच बोललो. "सिस्टर, गोळ्या मी दिल्या होत्या."

ती खुरप्यानं एक चिवट मूळ उकरत होती. ते निघेना, तसा तिनं जोर लावला. मूळ तुटलं, तिनं ते मागे भिरकावलं, आणि बसल्या बसल्या पुढच्या ओळीत सरकली.