तिसऱ्या महिन्यातला ताप

पूजा, रोहित,

आत्या जन्मापासून बहिरी का, हे तुम्ही कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. परवा पूजा फोनवर म्हणाली, "आजी, आम्ही आता बाळाचा विचार करतोय." म्हणून लिहिते.

कळमनुरीजवळच्या एका गावात मी इंग्रजी शिकवायची. मी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. गावातल्या बड्या शेतकऱ्याच्या घरामागची खोली भाड्यानं घेतली होती. मला तिसरा महिना होता, त्यांच्या सुनेलाही तिसराच. त्यांच्या धाकट्या पोरीला ताप आला, अंगभर पुरळ उठलं. "माय आली," म्हणत त्यांनी दाराला लिंबाचा पाला बांधला. सुनेला त्याच दिवशी माहेरी धाडलं. मग मालकीणबाई माझ्या दारात.

"मास्तरीणबाई, पोरगी सांभाळा चार दिस."

"काकू, मलाही दिवस गेलेत."

"तांड्याच्या बाईला काय व्हतंय? तुमी रानात बाळंत होणाऱ्या. इंग्रजी शिकून नाजूक झालात व्हय?"

अंगणातल्या बाया खदाखदा हसल्या.

मी पोर घेतली. नाजूक म्हणवून घ्यायची लाज वाटली म्हणून घेतली. हे मला अजून झोपू देत नाही.

दोन-अडीच आठवड्यांनी मलाही बारीक ताप, पुरळ. तीन दिवसांत गेलं. विसरले.

आत्या जन्मली. दोन्ही डोळ्यांत दुधासारखा पांढरा पडदा. नांदेडच्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "सुरुवातीच्या महिन्यांत पुरळ आलं होतं?" रुबेला हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. इंग्रजीची शिक्षिका मी. आईला साधा ताप. पोटातल्या लेकराचे मात्र डोळे, कान जातात, कधी हृदयही बिघडतं.

मालकीणबाई बघायला आल्या. "तुमच्या लोकांत असंच असतंय," म्हणाल्या.

"मग सुनेला त्याच दिवशी काहून धाडलंत?"

त्या पदर सारखा करायला लागल्या.

"उठा. माझ्या लेकराजवळून उठा."

त्याच आठवड्यात खोली सोडली. त्यानंतर कुणाच्या हसण्यापायी मी माझं अंग पुढं केलं नाही, तांड्यावरच्या एकाही पोरीला करू दिलं नाही. लग्न ठरलं की आधी लस, मग हळद. सासरचे चिडले तरी.

पूजा, आधी रक्त तपासून घे. लस घ्यावी लागली तर दिवस राहण्याआधी घे. नंतर ती देत नाहीत. आणि लस घेतल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस थांब.

आत्याचा उजवा डोळा गेला. डाव्यानं अजून दिसतं.