चौथी पट्टी

शिवणमावशींना गल्लीत कोणी शहाणपण शिकवायला जात नसे. गेलाच, तर शिकवणाराच थोडा शहाणा होऊन परत येई. बासष्टाव्या वर्षी त्यांनी मागच्या पडवीत प्लायवूडची होडी बांधायला घेतली, तेव्हाही लोक नुसते खिडकीतून डोकावून गेले.

होडी काही हौसेची नव्हती. खाडीपलीकडे त्यांची थोरली बहीण एकटी राहायची. नवरा गेल्यापासून ताईनं उंबरा ओलांडला नव्हता. रस्त्यानं तिच्याकडे जायचं म्हणजे दोन बस आणि अर्धा दिवस. पाण्यातून वीस मिनिटं. ताईला घराबाहेर काढायचंच, असं मावशींनी मनाशी पक्कं केलं होतं.

खाडी मात्र जेमतेम गुडघाभर, आणि तळाशी नुसते खडे नि शिंपले. महिन्याभरात होडीचा तळ असा खरवडला की प्लायचे पापुद्रे सुटायला लागले.

शेजारचा सुतार म्हणाला, "अख्ख्या तळाला पत्रा मारा, बाई. जन्माची कटकट मिटेल."

"आणि ती जड होडी ओढायला रोज तुम्ही येणार?"

होडी मावशींना एकटीला ओढता यायला हवी होती; नाहीतर पुन्हा कोणाच्या तरी सवडीची वाट बघणं आलं.

मावशींनी चाळीस वर्षं शाळेच्या चड्ड्या शिवल्या होत्या. चड्डी कुठं विरते हे पोराला विचारून कळत नाही, ती उलटी करून बघावी लागते. त्यांनी तळ नीट दुरुस्त केला, त्यावर उरलासुरला लाल रंग फासला, दहा फेऱ्या मारल्या आणि होडी पालथी घातली. रंग तीनच जागी उडाला होता: पुढच्या टोकाखाली, त्या बसत तिथं आणि मागच्या कोपऱ्यात.

तेवढ्याच जागी त्यांनी कडक लाकडाच्या बोटभर जाड पट्ट्या बसवल्या. स्क्रूच्या भोकांतून आत पाणी शिरू नये म्हणून सीलंट. दगडाला अडकू नयेत म्हणून स्क्रूची डोकी लाकडात बुडवलेली. झिजायचं ते पट्टीनं. ती संपली की नवी लावायची. सुतारानं होडीचं एक टोक उचलून पाहिलं आणि "बरं आहे" म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे खूपच झालं.

ताई मात्र तयार होईना. "मला बाई पाण्याची भीती वाटते."

"अगं, गुडघाभर पाणी. बुडायचं म्हटलंस तरी आधी खाली बसावं लागेल."

ताई हसली. कित्येक महिन्यांनी हसली, आणि चपला शोधायला लागली.

पुढं महिन्यानं मावशींनी तपासायला होडी पुन्हा पालथी घातली. पट्ट्या शाबूत होत्या, पण पुढच्या नि मधल्या पट्टीच्या मध्ये रंग पार उडून लाकूड दिसत होतं. आपला अंदाज चुकला म्हणून त्या क्षणभर स्वतःवरच वैतागल्या. मग लक्षात आलं आणि त्यांचे डोळे भरून आले. थोड्या वेळानं त्यांनी सुताराला हाक मारली.

"आणखी एक पट्टी द्या. चांगली जाड द्या, तिथं आमची ताई बसते."