बादलचे अनवाणी पाय

बादलची शेवटची शर्यत झाली. आज नालबंद रहीमचाचांनी त्याचे चारही नाल काढले आणि खूर कानशीने घासून गोल केले. काम संपलं, तरी बादलने पुढचा पाय पुन्हा उचलला. जुना नाल निघाला की नवा बसतो, एवढंच त्याला ठाऊक. चाचांनी तो पाय मांडीवर घेऊन नुसताच चोळला. म्हणाले, "बस, राजा. आता गवतात अनवाणी फिरायचं."

माझा नवरा बादलचा जॉकी. शर्यतीच्या दिवशी मी घरी जीव मुठीत धरून बसायचे. नवरा सुखरूप परतला की देवापुढे हात जोडायचे. त्याला परत आणणारे पाय मात्र इथे तबेल्यात असायचे.

मी त्या पायांना नमस्कार करायला वाकले. बादलने शहाण्यासारखा पाय उचलला आणि माझ्या हातात दिला.