रावजी आणि दीडशे मायक्रॉनचं छिद्र

सिन्नरच्या एमआयडीसीत रावजी गांगुर्ड्यांना सगळे 'सुईवाले' म्हणायचे, आणि त्या नावावर माणूस खूश होता. जरा जास्तच खूश होता, माझं ऐकाल तर.

पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं एक जुनं स्पार्क मशीन. केसाएवढ्या तारेतून ठिणग्या पडतात आणि लोखंड खात जातात. साच्याची कामं काय, आजूबाजूचे दहा जण करायचे. पण पोलादाच्या पातळ चकतीत दीडशे मायक्रॉनचं, म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन केसांएवढं छिद्र बरोबर मधोमध पाडणारे हे एकटेच.

असलं छिद्र लागतं कुणाला? तर निकिता अहिरेला. नाशिकच्या एका कॉलेजात ती पीएचडी करत होती. दोन हिरे टोकाला टोक लावायचे, मध्ये ती चकती, चकतीच्या छिद्रात खनिजाचा एक कण. स्क्रू आवळले की त्या इवल्याशा कणावर पृथ्वीच्या पोटात असतो तेवढा दाब येतो. वर सहाशे अंशांपर्यंत तापवायचं. मग ते इंदूरला न्यायचं. तिथं इलेक्ट्रॉन एका भल्यामोठ्या कड्यात पळवतात, त्यातून क्ष-किरणांचा झोत निघतो. झोत कणातून आरपार गेला की पडद्यावर वर्तुळं उमटतात, आणि दाबाखाली आतले अणू कसे सरकले ते त्या वर्तुळांवरून कळतं. छिद्र एका बाजूला असलं तर चकती तिकडं पसरते, हिऱ्याला हिरा भिडतो आणि खेळ खलास. निकितानं हे सगळं रावजींना चहाच्या कपावर कप पालथा ठेवून समजावलं होतं. त्यांना ते चांगलं कळलं होतं, हे लक्षात ठेवा.

चार वर्षं पोरगी नाशिकहून एसटीनं यायची. चाळीसेक चकत्या झाल्या, एकही वाकडी नाही. प्रबंधात आभाराच्या पानावर तिनं 'श्री. रावजी गांगुर्डे' असं आधीच लिहून ठेवलं होतं. त्या पानाची झेरॉक्स रावजींनी मशीनवर चिकटवली. शेडमध्ये येईल त्याला आधी ती वाचायला लावायचे.

दिवाळीनंतर त्यांना सरळ रेघ मध्येच वाकडी दिसायला लागली. दाराची चौकट पोटात गेल्यासारखी दिसायची. साखर डोळ्यात उतरली होती. डॉक्टरांनी बजावलं, बारीक काम आजपासून बंद.

"पोरीला सांगून टाका," चंद्रभागाबाई म्हणाल्या. नवऱ्याच्या हातून चहा बशीबाहेर सांडताना त्या रोज बघत होत्या. "पुण्याला लेझरवर पाडून मिळतं, तीच म्हणाली होती ना?"

"लेझरला काय कळतंय? तू मला शिकवू नको."

जानेवारीत निकिताला इंदूरच्या झोताचे अठ्ठेचाळीस तास मिळाले. तीनदा अर्ज परत आला होता. मार्चमध्ये तिची फेलोशिप संपणार होती, आणि तिच्या मार्गदर्शक सरांनी तोंडावर सांगितलं होतं, "या वेळी डेटा आला तर प्रबंध, नाहीतर तुझी जागा मी दुसऱ्याला देणार." हे तिनं शेडमध्ये बसून रावजींना जसंच्या तसं सांगितलं.

रावजींनी चकती भिंगाखाली धरली. भिंगातली मध्य दाखवणारी फुली वेडीवाकडी दिसत होती. त्यांनी चकती अंदाजानं सरकवली, ठिणगी पाडली, पुसली आणि पोरीच्या हातात दिली. "मधोमध हाय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "काका, मायक्रोस्कोपखाली छिद्र डावीकडं सरकल्यासारखं दिसतंय. निघायला अजून दोन दिवस आहेत. येऊ का परत?"

दोन दिवस! पुण्याला जाऊन-येऊन जेवायलासुद्धा वेळ उरला असता. चंद्रभागाबाई हातातलं काम टाकून नवऱ्याकडं बघत राहिल्या.

"अगं पोरी," रावजी हसून म्हणाले, "चार वर्षांत माझं कधी चुकलंय का? तुझ्या मशीनचा उजेड तिरका पडत आसंल. मी मोजलंय."

"बरं काका. तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असणार."

स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तिनं याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला. काय म्हणावं या माणसाला!

इंदूरला झोत सुरू झाला, पडद्यावर पहिली दोन वर्तुळं स्वच्छ उमटली. तिनं दाब वाढवायला स्क्रू आवळले आणि आत 'कट्ट' झालं. दोन्ही हिरे तडकले. दुसरी जोडी नव्हती. अठ्ठेचाळीसपैकी एक्केचाळीस तास ती तिथं खुर्चीवर नुसती बसून होती. चारही स्क्रू सारखे आवळले नाहीत तरी हिरे असेच तडकतात. सर फोनवर तेच म्हणाले, आणि तिला ते पटलं.

एप्रिलमध्ये ती सिन्नरला आली. नाशिकरोडला एका क्लासमध्ये आता दहावीच्या मुलांना शिकवत होती. वाळली होती पोरगी. खाली बघूनच बोलली.

"काका, माफी मागायला आले. तुम्ही इतकं नेमकं काम करून दिलंत आणि मी तुमच्यावरच शंका घेतली. माझाच हात चुकला. सर म्हणाले, तुला या कामाचा हातच नाही. खरंय त्यांचं. अजून सारखी तेच आठवत बसते, कुठला स्क्रू जास्त फिरवला."

चंद्रभागाबाई चहा घेऊन दारातच थांबल्या. एक वाक्य, नवऱ्यानं एवढंच बोलायचं होतं. फेलोशिप काही परत येणार नव्हती, पण पोरीला तिचा हात तरी परत मिळाला असता. रावजींनी एकदा बायकोकडं पाहिलं, मग मशीनकडं.

"हुतं आसं, पोरी," ते म्हणाले. "हात काय, सगळ्यांनाच नसतो."

निकितानं मान हलवली, डोळे पुसले आणि जाताना वाकून त्यांच्या पाया पडली.